‘नियमित तपासणी’चा सल्ला इथे लागू पडत नाही

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

८ मे हा दिवस २०१३ सालापासून जागतिक अंडाशय कर्करोग दिन म्हणून पाळला जातो. त्या सुमारास लेख येतात, शिबिरांची पत्रके निघतात, मोबाइलवर संदेश फिरतात. या मजकुरात एक वाक्य हमखास असते: ‘नियमित तपासणी करून घ्या, म्हणजे हा कर्करोग वेळेत सापडतो.’ स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबद्दल ते खरे आहे. तिथून उचलून ते अंडाशयाच्या कर्करोगाला चिकटवले जाते आणि तिथे ते खोटे ठरते. जिला काही त्रास नाही आणि जिच्या घराण्यात हा आजार नाही, अशा बाईचा अंडाशयाचा कर्करोग आधीच पकडून तिचा जीव वाचवेल, अशी एकही चाचणी अजून सिद्ध झालेली नाही. मग जागृती कशाची करायची? आमच्या मते ती चार साध्या तक्रारींची, त्या मोजण्याची आणि घराण्याच्या इतिहासाची करायला हवी. पत्र लांबले आहे. विषयच तसा आहे.

सर्वांत मोठा घोटाळा पॅप टेस्टचा. या चाचणीत गर्भाशयमुखावरच्या, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या पेशी छोट्या ब्रशने घेतात. अंडाशये तिथून बरीच आत, ओटीपोटात गर्भाशयाच्या दोन बाजूंना असतात. तिथे काय चालले आहे हे त्या ब्रशला कळणार नाही. एचपीव्हीची लसही गर्भाशयमुखासाठी आहे, अंडाशयासाठी नाही. दोन्ही गोष्टी जरूर कराव्यात, पण पॅप नॉर्मल आली म्हणजे ‘खालचे सगळे ठीक आहे’ असे धरून चालू नये. पाळी नियमित येते यावरूनही काही सिद्ध होत नाही. ‘माझी पिशवी काढलेली आहे, मला कशाला होईल’ हेही अनेकींना वाटते. पिशवी काढताना अंडाशये बरेचदा जागेवरच ठेवलेली असतात. ठेवली की काढली, हे शस्त्रक्रियेच्या कागदावर लिहिलेले असते. तो कागद शोधून एकदा वाचून घ्यावा.

तपासणीचा मुद्दा आम्ही हवेत सांगत नाही. ब्रिटनमध्ये २००१ ते २००५ या काळात पाळी गेलेल्या, ५० ते ७४ वयाच्या दोन लाखांहून अधिक स्त्रियांना एका चाचणीत सामील करून घेतले गेले. एका गटाची दरवर्षी सीए-१२५ ही रक्तचाचणी झाली, दुसऱ्याची दरवर्षी सोनोग्राफी, तिसऱ्या गटाची यांपैकी काहीच नाही. सोळा वर्षांहून अधिक पाठपुराव्यानंतर २०२१ मध्ये निष्कर्ष आले. रक्तचाचणीच्या गटात लवकरच्या टप्प्यातले कर्करोग जास्त सापडले, पण या आजाराने होणारे मृत्यू कुठल्याच गटात घटले नाहीत. त्याआधी २०११ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ७८ हजार स्त्रियांच्या चाचणीचेही उत्तर हेच होते. तिथे तर ३,२८५ स्त्रियांचे अहवाल ‘संशयास्पद’ आले आणि कर्करोग मात्र नव्हता. त्यांपैकी १,०८० जणींची शस्त्रक्रिया झाली आणि १६३ जणींना तिच्यातून गंभीर गुंतागुंत झाली. नसलेल्या आजारासाठी मोजलेली ही किंमत आहे.

असे का होते, याचे कारण आजाराच्या उगमात आहे. सर्वाधिक आढळणारा ‘हाय-ग्रेड सीरस’ हा प्रकार बहुतेक वेळा अंडाशयात सुरूच होत नाही. बीजवाहिनीचे जे टोक झालरीसारखे अंडाशयावर झुकलेले असते, तिथे सूक्ष्मदर्शकाखालीच दिसेल एवढा तो सुरू होतो. तिथल्या पेशी अंडाशयावर आणि पोटाच्या पोकळीत झडतात. या पोकळीत आतडी, यकृताचा पृष्ठभाग आणि आतड्यांवरचा चरबीचा पडदा सगळे एकाच ओल्या जागेत असल्याने त्या पेशींना वाटेत अडवायला काही नाही. सोनोग्राफीत अंडाशय जवळपास नेहमीच्या आकाराचे दिसत असतानाही पोटात दाणे पसरलेले असू शकतात. दरसालचा फोटो इथे हरतो तो यामुळे.

म्हणून ‘संपूर्ण शरीर तपासणी’च्या यादीत सीए-१२५ दिसली तर, काही त्रास नसताना, ती हौसेने करू नये. ही चाचणी कर्करोगाची नव्हे, पोटाच्या आतल्या अस्तराला होणाऱ्या चिडचिडीची. ३५ युनिटच्या वर आकडा गेला की ‘वाढलेला’ म्हणतात. पाळी चालू असताना, गरोदरपणात, एंडोमेट्रिओसिसमध्ये, फायब्रॉइडमध्ये, ओटीपोटाच्या जंतुसंसर्गात, यकृताच्या आणि हृदयाच्या विकारात, पोटाच्या क्षयरोगातही तो वाढतो. उलट, पहिल्या टप्प्यातल्या कर्करोगात जवळपास निम्म्या स्त्रियांचा आकडा नॉर्मलच असतो. त्रास असताना, सोनोग्राफीच्या जोडीने, डॉक्टरांनी मागितली तर मात्र तिचा उपयोग मोठा आहे.

आता तक्रारींकडे येऊ. या आजाराला ‘मूक मारेकरी’ म्हणण्याची पद्धत आहे. आम्हाला ती पटत नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या १,७२५ रुग्ण स्त्रियांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ९५ टक्के जणींनी निदानाआधी त्रास होत असल्याचे सांगितले होते. अडचण अशी की त्रास अंडाशयाचा वाटत नाही, पोटाचा वाटतो.

तक्रारी चार. पोट फुगणे किंवा कंबरेचे कपडे घट्ट होणे. चार घास खाल्ले की पोट गच्च भरणे, जेवणच नकोसे वाटणे. पोटात किंवा ओटीपोटात दुखणे, जड वाटणे. आणि लघवीला वारंवार जावे लागणे किंवा अचानक घाई होणे. कुठल्या बाईला यांतले काही कधी होत नाही? बरोबर, म्हणूनच नुसती यादी छापून उपयोग नाही. तक्रार नवी आहे का आणि महिन्यातून किती दिवस होते, यावर सगळे अवलंबून आहे. गेल्या वर्षभरात सुरू झालेली आणि महिन्यात १२हून जास्त दिवस होणारी तक्रार तपासायला हवी; वय ५० किंवा त्याहून जास्त असेल तर नक्कीच. वीस वर्षे पाळीच्या आधी दोन दिवस पोट फुगते, ही वेगळी गोष्ट. गॅसचा फुगारा सकाळी उतरतो, खाण्यातल्या फरकाने कमी-जास्त होतो. या आजारातला फुगवटा उतरत नाही. पोट पुढे येते आणि त्याच वेळी चेहरा, दंड उतरत जातात. वजनकाट्यावर काहीच बदल दिसत नाही, कारण चरबी-स्नायू घटतात तेवढे पोटात पाणी भरते. ‘वजन तेच आहे’ या समाधानात इथे फसगत होते.

मोजायचे कसे? वहीच्या एका पानावर महिन्याच्या तारखा उभ्या लिहाव्यात आणि शेजारी चार रकाने पाडावेत: फुगणे, भरणे, दुखणे, लघवी. रात्री झोपताना ज्या रकान्यातला त्रास त्या दिवशी झाला तिथे फुली. किती तीव्र झाला हे लिहायची गरज नाही, झाला की नाही एवढेच. पाळी चालू असेल तर पाळीच्या दिवसांभोवती गोल करावा, म्हणजे फुल्या पाळीपुरत्याच आहेत की महिनाभर विखुरल्या आहेत हे दिसते. आठवड्यातून एकदा, सकाळी लघवी करून आल्यावर, बेंबीच्या पातळीवर टेपने घेर मोजून तोही लिहावा. महिनाअखेर एखाद्या रकान्यात १२हून जास्त फुल्या असतील तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे. तोंडी सांगताना ‘अधूनमधून होते’ असेच निघते आणि ‘अधूनमधून’ला कोणी सोनोग्राफी लिहून देत नाही.

महिना थांबायचे नाही असे प्रसंगही आहेत. पोट दिवसेंदिवस वाढत असेल, हाताला गाठ लागत असेल, पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला असेल, तर त्याच आठवड्यात दाखवावे. एकाच पायाला अचानक सूज आली किंवा दम लागू लागला तर त्याच दिवशी. शिरेत रक्ताची गाठ होणे हे या कर्करोगाचे पहिले चिन्ह असू शकते.

या मोजणीबद्दल खोटी आशाही द्यायची नाही. दुखणे, फुगणे आणि लवकर पोट भरणे या तक्रारी अशाच मोजण्याची पद्धत २००७ मध्ये अमेरिकेत पडताळली गेली. तिने पुढच्या टप्प्यातले सुमारे ८० टक्के आणि सुरुवातीच्या टप्प्यातले सुमारे ५७ टक्के कर्करोग पकडले. म्हणजे निसटणारेही बरेच. दुसऱ्या बाजूने, अशा तक्रारी असणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांना कर्करोग नसतो. मग खटाटोप कशाला? पोटात आजार किती पसरला आहे यावर शस्त्रक्रियेत तो पूर्ण निघणार की नाही हे ठरते, आणि पूर्ण निघाला की नाही यावर पुढचे आयुष्य. टप्पा तिसराच असला तरी तीन महिने आधी कळणे आणि नंतर कळणे यात फरक पडू शकतो.

दवाखान्यात वेळ जातो त्या वाटा ठरलेल्या आहेत. फुगण्याला ॲसिडिटीच्या गोळ्या, मग दुसऱ्या गोळ्या, मग एंडोस्कोपी. ती नॉर्मल येते, कारण दुर्बीण जठरात जाते आणि आजार जठराच्या बाहेर असतो. लघवीच्या घाईला प्रतिजैविके, कल्चरमध्ये जंतू नसतानाही पुन्हा तीच. बद्धकोष्ठाला ‘आयबीएस’, म्हणजे आतड्याच्या चिडचिडेपणाचा विकार, हे नाव. ब्रिटिश मार्गदर्शक सूचना इथे नेमके बोट ठेवतात: आयबीएस पन्नाशीनंतर पहिल्यांदा सुरू होणे क्वचितच घडते, म्हणून त्या वयात तशा तक्रारी नव्याने आल्या तर अंडाशयाची तपासणी करावी. आणि चौथी वाट म्हणजे ‘पाळी जातानाचे असे होतेच’, हे वाक्य बहुधा घरातूनच येते. दोन-तीन आठवड्यांच्या औषधाने फरक पडला नाही तर परत जावे आणि सरळ विचारावे, ‘हे अंडाशयाचे असू शकेल का? सोनोग्राफी करायची का?’ असे विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. पहिली सीए-१२५ नॉर्मल आली आणि त्रास चालूच राहिला, तरीही परत जावे.

सोनोग्राफी दोन प्रकारे होते. पोटावरून करताना मूत्राशय भरलेले लागते. योनिमार्गातून करताना ते रिकामे लागते, आणि अंडाशय नीट दिसते ते या दुसऱ्या प्रकारात. बारीक नळीसारखा प्रोब आत ठेवतात, काही मिनिटांचे काम असते, दुखत सहसा नाही. संकोचाने नकार दिला जातो आणि पोटावरूनच भागवले जाते. तेव्हा ‘आतड्यातल्या वायूमुळे अंडाशये दिसली नाहीत’ असा शेरा आला असेल तर तो अहवाल नॉर्मल नव्हे, अपुरा आहे. अविवाहित मुलींमध्ये पोटावरूनच करतात, शंका उरल्यास एमआरआय.

अहवालातले शब्द घाबरवतात, म्हणून थोडे त्यांच्याबद्दल. ‘सिंपल सिस्ट’, ‘युनिलॉक्युलर’, ‘ॲनएकोइक’ म्हणजे पातळ भिंतीची, एका कप्प्याची, पाण्याने भरलेली पिशवी. पाळी चालू असलेल्या बाईत अशी ५ सेंटिमीटरपर्यंतची पिशवी बहुतेक वेळा बीज तयार होण्याच्या कामाचाच भाग असते आणि दोन-तीन पाळ्यांत विरते. ‘हेमोरेजिक सिस्ट’ म्हणजे तिच्यात रक्त साचले. ६ ते १२ आठवड्यांनी पुन्हा बघायचे. पाळी गेलेल्या बाईतही ५ सेंटिमीटरच्या आतली साधी पिशवी आणि नॉर्मल सीए-१२५ असेल तर ब्रिटिश पद्धतीनुसार ४ ते ६ महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करतात, लगेच कापाकापी नाही. पीसीओडीमधल्या बारीक पिशव्यांचा या कर्करोगाशी संबंध जोडून तरुण मुलींना घाबरवले जाते, तेही थांबावे. पीसीओडीत पाळी महिनोन्‌महिने चुकत राहिली तर जपायचे ते गर्भाशयाच्या अस्तराला.

सावध करणाऱ्या खुणा पाच: गाठीत अनेक कप्पे, आत घट्ट भाग, दोन्ही बाजूंना गाठी, पोटात पाणी, पोटात इतरत्र पसरल्याचे दिसणे. यावरून एक साधा गुणाकार करतात, त्याला आरएमआय, म्हणजे कर्करोगाच्या धोक्याचा निर्देशांक, म्हणतात. एकही खूण नसेल तर ०, एक असेल तर १, दोन किंवा जास्त असतील तर ३. पाळी चालू असेल तर १, गेली असेल तर ३. या दोन आकड्यांना सीए-१२५च्या आकड्याने गुणायचे. पाळी गेलेली, दोन खुणा, सीए-१२५ ९० असेल तर ३ × ३ × ९० = ८१०. पाळी चालू, एकच खूण आणि सीए-१२५ तेवढेच ९०, तर १ × १ × ९० = ९०. उत्तर २५० किंवा त्याहून जास्त आले तर शस्त्रक्रिया स्त्री-कर्करोगाच्या तज्ज्ञाकडेच व्हावी असे ब्रिटिश सूचना सांगतात. काही ठिकाणी ही रेषा २००वर धरतात. गुणाकारात एक उणीव आहे, खुणा शून्य असल्या की उत्तरही शून्य. म्हणून हा आकडा रुग्णाला कुठे पाठवायचे ते सांगतो, कर्करोग नाही असे शिक्कामोर्तब करत नाही.

तज्ज्ञाकडेच का, हे इथे सांगायला हवे, कारण सर्वांत भरून न येणारी चूक याच टप्प्यावर होते. संशयास्पद गाठीत सुई घालून पाणी काढून बघणे, किंवा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत गाठ फोडून तुकड्यांनी बाहेर ओढणे. एकाच अंडाशयात बंद असलेला कर्करोग हा १-ए टप्पा. तोच शस्त्रक्रियेत फुटला, पेशी पोटात सांडल्या, की १-सी. ज्या बाईला कदाचित केमोची गरज पडली नसती तिला आता ती बहुधा घ्यावी लागते. गाठ अखंड काढायची, दुर्बिणीतून काढायची तर शस्त्रक्रियेच्या खास थैलीत घालून काढायची. शस्त्रक्रियेआधी नातेवाइकांनी तीन प्रश्न विचारावेत: गाठ न फोडता काढणार का? रुग्ण टेबलावर असतानाच फ्रोझन सेक्शन, म्हणजे गाठीचा तुकडा गोठवून लगेच तपासणी, करून घेण्याची सोय आहे का? आणि कर्करोग निघाला तर चरबीचा पडदा, अस्तराचे नमुने घेऊन पूर्ण शस्त्रक्रिया त्याच वेळी करू शकणारे हात तिथे आहेत का? तिसऱ्या प्रश्नाला ‘नंतर बघू’ असे उत्तर आले तर जागा बदलण्याचा विचार करावा. अर्धवट शस्त्रक्रिया दुसऱ्यांदा पूर्ण करणे पहिल्यापेक्षा कठीण असते.

पोटात पाणी आणि वाढलेले सीए-१२५ हे चित्र पोटाच्या क्षयरोगातही अगदी असेच दिसते. चूक दोन्हीकडून होते. क्षय समजून महिनोन्‌महिने गोळ्या, नाहीतर कर्करोग समजून मोठी शस्त्रक्रिया. निर्णय तुकडा तपासूनच व्हावा.

उपचारांबद्दल थोडक्यात. शस्त्रक्रियेत डोळ्यांना दिसणारा आजार शून्य उरावा हे ध्येय. केमोचा साधारण नियम म्हणजे कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही औषधे दर तीन आठवड्यांनी, एकूण सहा वेळा. आजार फार पसरला असेल किंवा प्रकृती खालावली असेल तर तीन केमो आधी, मग शस्त्रक्रिया, मग उरलेल्या तीन. ‘आधी केमो’ म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, असा अर्थ काढू नये. बीआरसीए या जनुकात दोष असेल तर स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. असा दोष असलेल्या रुग्णांसाठी ओलापॅरिबसारख्या गोळ्या केमोनंतर चालू ठेवल्या जातात आणि आजार परत येणे त्यांनी बरेच लांबते. म्हणून जनुकचाचणीचा संबंध नातेवाइकांच्या आधी खुद्द रुग्णाशी आहे.

घराण्याचा इतिहास हा भाग जागृतीच्या मजकुरात एका ओळीत गुंडाळला जातो. सर्वसाधारण स्त्रीला आयुष्यात हा कर्करोग होण्याची शक्यता साधारण १ टक्का. बीआरसीए-१मध्ये दोष असेल तर ८० वर्षांपर्यंत सुमारे ४४ टक्के, बीआरसीए-२मध्ये सुमारे १७ टक्के. हा दोष आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही येतो, आणि प्रत्येक अपत्याला, मुलगा असो की मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी. ‘माझ्या आईला, मावशीला काही नव्हते’ एवढ्यावर थांबणाऱ्या बाईने आत्याची आणि वडिलांच्या आईची चौकशीच केलेली नसते. वडील स्वतः निरोगी राहून दोष पुढे देतात. काकांचा प्रोस्टेटचा किंवा स्वादुपिंडाचा कर्करोग, एखाद्या पुरुषाचा स्तनाचा कर्करोग, हेही याच साखळीतले दुवे असू शकतात. मोठ्या आतड्याचा आणि गर्भाशयाचा कर्करोग एकाच घराण्यात दिसत असेल तर लिंच सिंड्रोम हा वेगळा आनुवंशिक दोष कारण असू शकतो.

कागदावर तीन पिढ्या मांडाव्यात, दोन्ही बाजूंच्या. प्रत्येकापुढे अवयव आणि निदानाच्या वेळचे वय. वय महत्त्वाचे आहे. पन्नाशीच्या आत झालेला स्तनाचा कर्करोग आणि ऐंशीत झालेला, यांचे वजन सारखे नाही. जुन्या पिढीत अवयवाचे नाव घेतले जात नसे. ‘पोटात पाणी झाले होते’, ‘पोटात गोळा होता’ एवढेच सांगितले जाते. त्यामागे अंडाशय असू शकते. जुने कागद मिळाले तर पाहावेत. चाचणी शक्यतो आधी आजारी व्यक्तीची करावी, रक्तावर किंवा लाळेवर होते. तिच्यात दोष सापडला तर बाकीच्यांमध्ये नेमका तोच दोष तपासायचा. तिची न करता निरोगी मुलीची केली आणि काही सापडले नाही, तर त्याचा अर्थ लावता येत नाही. अहवालात ‘व्हीयूएस’ आले तर जनुकात बदल आहे पण तो घातक आहे की नाही हे ठरलेले नाही. त्याच्या जोरावर कोणी अवयव काढून टाकू नये. घराण्यात दुसरे कोणी नसले तरी एपिथेलियल, म्हणजे आवरणाच्या पेशींतून होणाऱ्या, प्रकारच्या प्रत्येक रुग्णाची ही चाचणी व्हायला हवी, कारण दोष सापडणाऱ्या अनेकींच्या घरात आधी कोणालाच आजार झालेला नसतो.

दोष सापडला तर मुलेबाळे झाल्यावर बीआरसीए-१ असल्यास ३५ ते ४० या वयात, बीआरसीए-२ असल्यास ४० ते ४५ या वयात दोन्ही अंडाशये आणि बीजवाहिन्या काढण्याचा सल्ला देतात. धोका सुमारे ८० टक्क्यांनी घटतो, शून्य होत नाही. पाळी त्या दिवशीच जाते. हाडे, हृदय, झोप, मन सगळ्यावर परिणाम होतो. त्यामुळे हार्मोनच्या गोळ्यांचा विचार आधीच करून ठेवावा; स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर ते गणित बदलते. काढलेल्या बीजवाहिनीचे टोक पॅथॉलॉजिस्टने बारीक काप करून पूर्ण तपासावे, तशी सूचना फॉर्मवर लिहावी.

ज्यांना असा दोष नाही त्यांनी धास्तीने अंडाशये काढून घेऊ नयेत, पाळी जाण्याआधी तर नाहीच. पण गर्भाशय दुसऱ्या कारणाने काढायचेच आहे किंवा कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करायचीच आहे, तर त्याच वेळी बीजवाहिन्या पूर्ण काढून घेता येतात का, हे विचारावे. उगम तिथे असल्याचे कळल्यावर कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१०पासून हा पर्याय देऊ लागले. बीजवाहिन्यांना हार्मोन बनवण्याचे काम नसते, त्यामुळे पाळी लवकर जाण्याची भीती सहसा नाही. विचारायचे ते संमतिपत्रावर सही करण्याआधी. गर्भनिरोधक गोळ्यांनीही धोका घटतो. जगभरच्या ४५ अभ्यासांच्या २००८च्या एकत्रित विश्लेषणात दर पाच वर्षांच्या वापरामागे सुमारे २० टक्के घट दिसली. तरी धूम्रपान, उच्च रक्तदाब, विशिष्ट प्रकारची अर्धशिशी किंवा रक्ताच्या गाठीचा इतिहास असेल तर या गोळ्या घातक ठरू शकतात. डॉक्टरांना न विचारता सुरू करण्याची ही गोष्ट नाही. टाल्कम पावडरला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०२४ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातले. गुप्तांगाजवळ ती वापरण्याची तशीही गरज नसते.

शेवटचा मुद्दा तरुण मुलींचा, कारण ‘हा म्हाताऱ्या बायकांचा आजार’ हे अर्धेच खरे आहे. किशोरवयात आणि विशीत वेगळ्या जातीच्या, बीजपेशींच्या गाठी होतात. त्या काही आठवड्यांत वाढतात, अचानक पोटात कळ आणतात. त्यांच्यासाठी रक्तात एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच या द्रव्यांचे प्रमाण पाहतात. एकट्या सीए-१२५वर भागत नाही. त्या बहुतांशी पूर्ण बऱ्या होतात, तेही एकच अंडाशय काढून आणि दुसरे, गर्भाशयासकट, राखून. अशा मुलीचे सगळेच काढून टाकण्याचा सल्ला मिळाला तर सही करण्याआधी दुसरे मत घ्यावे.

एक विनंती. पुढच्या वेळी आपल्या पुरवणीत या विषयाची चौकट येईल तेव्हा फितीच्या चित्राच्या जागी तारखांच्या ३१ ओळी आणि चार रकाने असलेला तक्ता छापावा, कात्रीने कापून ठेवता येईल असा. आणि ‘नियमित तपासणी’ हे शब्द पडतील तिथे त्यांच्याआधी ‘गर्भाशयमुखाची’ किंवा ‘स्तनाची’ हा शब्द जरूर घालावा.

आपले,
स्त्री-कर्करोग उपचारात काम करणारे डॉक्टर व परिचारिका